एटापल्लीची राहिलेली फेरी

सोमाजी भोयर एकतीस जुलैला सेवानिवृत्त झाला, असं कागद म्हणतात. सोमाजीचं म्हणणं वेगळं होतं. त्याच्या मते तो एकतीस जुलैला सकाळी साडेसातला गडचिरोलीहून एटापल्लीची गाडी घेऊन निघाला होता आणि अजून पोचायचा होता.

झालं होतं ते असं. एसटीत एकतीस वर्षं काढलेल्या ड्रायव्हरची शेवटची फेरी म्हणजे रस्त्यावरच्या गावांसाठी घरचं कार्य. काचेला झेंडूची माळ बांधून सोमाजी निघाला. चामोर्शीत पेढे झाले, आष्टीत नारळ फुटला, लगामच्या लोकांनी तर टोपी-दुपट्टा दिला. एटापल्लीला स्टँडसमोरच्या चहावाल्या निशानं शाल आणून ठेवली होती. पण आलापल्लीला कळलं की पुढं नाल्यावर पुलावरून पाणी आहे. दोन तास वाट पाहिली. नाला उतरला नाही. गाडी परत फिरवावी लागली, आणि संध्याकाळी डेपोतल्या समारंभात एका वक्त्यानं सांगितलं की सोमाजींनी आपली शेवटची फेरी यशस्वीपणे पूर्ण केली. सोमाजी दुरुस्ती सांगायला उभा राहिला. लोकांना वाटलं त्याला गहिवरून आलं. त्यांनी त्याला प्रेमानं खाली बसवलं.

त्या दिवशीच्या फेरीच्या कागदाची झेरॉक्स सोमाजीनं जपून ठेवली होती. गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली अशा चार ठिकाणच्या वेळा आणि सह्या. पाचवा चौकोन कोरा. तो कागद तो खाकी शर्टाच्या खिशात ठेवी, आणि शर्ट अंगावर.

"मंग एक दिवस बसमंधी बसून जाऊन या ना एटापल्लीले," रुखमाबाई, त्याची बायको, म्हणे. "निशाच्या हातचा चहा प्या अन् वापस या."

"पॅसेंजर म्हणून गेल्यानं फेरी होत नाई."

"मंग आपल्या भाच्याची, प्रफुलची मोटरसायकल घ्या."

"दोन चाकाची फेरी होत नाई."

फेरी कशानं होते याचे नियम सोमाजीनं स्वतःच ठरवले होते, त्यामुळे ते फार कडक होते. चाकं किमान चार. चालवणारा तो स्वतः. आणि गाडीत किमान एक खराखुरा पॅसेंजर. घरचा माणूस चालणार नाही, गाडीचा मालक तर नाहीच. भाड्याची जीप करून आपल्याच बायकोला नेणं याला सोमाजी फेरी मानत नव्हता, सहल मानत होता, आणि सहलीला गेलेल्या माणसांबद्दल त्याचं मत एकतीस वर्षांत चांगलं झालेलं नव्हतं.

रुखमाबाई शेजारणींना सांगे, "माणूस रिटायर झाला, पण डोक्शातली गाडी काई डेपोत गेली नाई."

असे चार महिने गेले. तीन डिसेंबरला संध्याकाळी गडचिरोलीतल्या एका लॉजसमोर तीन गाड्या येऊन थांबल्या. एक लाल, एक हिरवी, एक पिवळी. तिन्ही बुटक्या, साठ वर्षांपूर्वी विलायतेत शर्यतीच्या हौसेनं बांधलेल्या. दारं दोन, बसायच्या जागाही दोनच, आणि छत नाही. बघायला जमलेल्या लोकांत बराच वेळ मतभेद होता: छत आहे पण काढून ठेवलंय, की मुळात घेणंच परवडलं नाही. दुसरं मत जड होतं.

गाड्यांचे मालक पुण्याचे. शिरीष देवधर, जयदीप आणि मकरंद हे कॉलेजपासूनचे मित्र. साठीला टेकल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात तसे हे निघाले होते, फक्त गाडी आधी ठरली होती आणि तीर्थ नंतर. द्वारकेच्या समुद्रापासून पुरीच्या समुद्रापर्यंत जायचं, मधे सिरोंचावरून बस्तरात शिरायचं. तिघांच्या बायका विमानानं थेट पुरीला जाणार होत्या. तीन घरांत मिळून जी अक्कल होती तिची वाटणी अशी झाली होती.

जमलेल्या लोकांना फोटो हवा होता. शिरीषनं तो द्यायचं ठरवलं. तरुणपणी पाहिलेल्या एका जाहिरातीतला माणूस दार न उघडता, त्यावरून उडी मारून अशा गाडीत बसायचा. त्या माणसाचं वय पंचवीस असावं. शिरीषचं एकोणसाठ होतं. उडी छान झाली, उतरणं चुकलं, आणि डावा घोटा रात्रीपर्यंत कोहळ्यासारखा झाला. डावा पाय क्लचचा. जयदीप आणि मकरंद आपापल्या गाडीला बांधलेले. लाल गाडीला ड्रायव्हर हवा होता.

गडचिरोलीत ड्रायव्हर कमी नाहीत. दोघांना बोलावलं, दोघांनीही गाडीभोवती फेरी मारून एकच प्रश्न विचारला, "मागचे लोक कुठी बसते?" शेवटी लॉजचा मॅनेजर प्रफुल म्हणाला, "माहे मामाजी आहेत. एकतीस वर्षं, एक बी अपघात नाई."

"स्पोर्ट्स कार चालवलीय का त्यांनी कधी?" जयदीपनं विचारलं. त्याची हिरवी गाडी. ती तो रोज सकाळी मऊ फडक्यानं पुसे आणि आत बसताना बूट काढून बसे.

"एटापल्ली रोडवर एसटी चालवली आहे, साहेब," प्रफुल म्हणाला, आणि हे उत्तर त्याला पूर्ण वाटलं.

सोमाजीला निरोप मिळाला तेव्हा तो जेवत होता. सिरोंचापर्यंत लाल गाडी नेऊन द्यायची, परत बसनं यायचं. सिरोंचाचा रस्ता म्हणजे आलापल्लीपर्यंत तोच, त्याचाच. पुढं आलापल्लीच्या चौकात सिरोंचा सरळ आणि एटापल्ली डावीकडं. सोमाजीचा घास हातात राहिला. रुखमाबाईनं तो घास पाहिला आणि सगळं ओळखलं.

"त्या मानसाचा पाय मोडला आहे. त्याईले सिरोंचाले जायाचं आहे. तुमी त्याईले त्या गावाले ओढून नेसान, मले ठाऊक आहे."

"नाई नेत."

"शपथ घ्या. त्या गावाचं नाव बी काढनार नाई म्हना."

"नाव नाई काढत," सोमाजी म्हणाला. तो शब्दाचा पक्का माणूस होता. त्यानं ते नाव पुढच्या दिवसभरात एकदाही काढलं नाही, हे इथं आधीच नोंदवून ठेवलेलं बरं.

सकाळी सात वाजता तो खाकी शर्ट इस्त्री करून लॉजवर हजर झाला. त्यानं आधी तिन्ही गाड्यांच्या सोळाच्या सोळा चाकांना लाथ मारून हवा तपासली. स्टेपनी तिघांच्या होत्या चार. मग लाल गाडीत बसायला गेला आणि बसणं संपेचना. एसटीत ड्रायव्हर चढतो. इथं उतरायचं होतं, विहिरीत उतरतात तसं. बूड टेकलं तेव्हा जमीन वीतभर खाली होती आणि समोर उभ्या असलेल्या कुत्र्याशी त्याची नजरानजर झाली. एकतीस वर्षं सोमाजीनं जगाकडं वरून पाहिलं होतं. कुत्र्यानं त्याच्याकडं आता जरा वरूनच पाहिलं.

स्टिअरिंग भाकरीएवढं. गिअरचा दांडा वीतभर. शिरीष शेजारच्या सीटवर घोटा उशीवर ठेवून बसला होता. इंजिन सुरू झालं, मागं हिरवी आणि पिवळी घुरघुरायला लागल्या, आणि लाल गाडी जागची हलेना.

"काय झालं, काका?" शिरीषनं विचारलं. शिरीष सोमाजीपेक्षा वर्षानं मोठा होता, पण पुण्याबाहेर भेटणारा खाकीतला माणूस त्याला काकाच वाटे.

"काई नाई साहेब."

"मग निघू या ना."

"हो. निघतो." गाडी हललीच नाही. सगळं व्यवस्थित होतं, पाय क्लचवर होता, गिअर पडला होता, आणि पाय सुटत नव्हता. मग त्याच्या लक्षात आलं. "साहेब, तुमी दारावर दोनदा वाजवसान का?"

"काय वाजवू?"

"डबल बेल. त्याशिवाय पाय उचलत नाई."

शिरीषनं अंगठीच्या बोटानं पत्र्यावर दोन ठोके दिले. ठण, ठण. सोमाजीचा पाय आपोआप सुटला. बसच्या क्लचवर पोसलेला पाय तो. गाडी सशासारखी उडाली आणि लॉजचं फाटक मागं पडलं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापून झालं होतं. लोकांनी डांबरावर अर्ध्या रस्त्यात धान वाळत घातलं होतं आणि कडेनं दगड मांडले होते. सोमाजी प्रत्येक ढिगाला वळसा घाली, आणि वळसा घालताना धान राखणाऱ्या बाईला हात करी. बाया ओळखत नव्हत्या. त्यांना एसटीच्या उंचीवरचा सोमाजी ठाऊक होता. गुडघ्याएवढ्या गाडीतून हात करणारा हा कोण, म्हणून त्या पदर सावरत. गाडीत वारा असा भरत होता की बोलणं ओरडूनच करावं लागे. हॉर्न पोळ्यातल्या पिपाणीसारखा वाजे. ट्रक शेजारून गेला की सोमाजीला त्याच्या चाकाचे नट मोजता येत.

पण गाडी धावत होती. हे कबूल करायला त्याला पंधरा किलोमीटर लागले.

"लय हलकी आहे," तो ओरडला. "एसटी म्हैस आहे, साहेब. हे मांजर आहे."

"आवडली ना?" शिरीष ओरडला.

"मांजरीवर बसून कोनी गावाले जाते का," सोमाजी म्हणाला. पण गिअर बदलताना त्याचा चेहरा हसरा होता, हे शिरीषनं पाहिलं.

चामोर्शी आली. सरळ जायचं होतं. सोमाजीनं उजवीकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं, गिअर खाली घेतला, आणि लाल गाडी बस स्टँडच्या फाटकातून आत शिरली. फाटकावर खाजगी वाहनांस मनाई असा बोर्ड होता. तो सोमाजीनं एकतीस वर्षांत कधी वाचला नव्हता, कारण तो त्याच्यासाठी नव्हता. त्याच्यामागं हिरवी शिरली, हिरवीमागं पिवळी, कारण पुढच्या गाडीच्या मागं राहायचं हा तिघा मित्रांचा नियम होता. तिन्ही गाड्या दोन नंबरच्या फलाटाला नाक लावून उभ्या राहिल्या.

"काका, आपण इथे का आलो?"

सोमाजीनं भोवती पाहिलं. खरं सांगायचं तर त्यालाही आत्ताच कळत होतं. "हाताची सवय, साहेब. काढतो मागं."

तेवढ्यात फाटकापाशी पानटपरी लावून बसलेल्या लटारूनं मान वर केली. लटारू हा सोमाजीचा कंडक्टर. बावीस वर्षं दोघांनी एकाच गाडीवर काढली, आणि तो सोमाजीच्या आधी दीड वर्ष निवृत्त झाला. त्याला सोमाजी दिसला, खाकी दिसली, फलाट दोन दिसला, घड्याळात साडेआठ दिसले. पुढचं त्याच्या गळ्यानं केलं.

"चला आष्टी, आलापल्ली, एटापल्लीऽऽ. एटापल्ली कोन आहे, एटापल्ली."

लटारूच्या आवाजाला कधी माइक लागला नव्हता. फलाटावर बसलेले लोक उठले, तीन गाड्या पाहिल्या, आणि बहुतेक परत बसले. दोघं मात्र उठून थेट आले.

एक सोनीबाई. लेकीकडं निघाली होती, आणि लेकीसाठी धान ठेवायची बांबूची ढोली घेऊन निघाली होती. ढोली सोनीबाईपेक्षा उंच होती. दुसरे पोचूबाबा, एटापल्लीच्या पलीकडच्या गावचे माडिया आदिवासी म्हातारे, ऐंशीच्या घरातले, खांद्याला पिशवी, हातात काठी.

"सोमाजीभाऊ," सोनीबाई म्हणाली, "हे कोनती नवीन गाडी काढली? हेचं टप कुठी आहे? ढोली कुठी ठेवू?"

"ही एसटी नाई, सोनीबाई."

"खाकी घालून बसला आहेस अन् एसटी नाई म्हनतेस. बायांचं अर्धं तिकीट द्यावं लागते म्हनून नाई म्हनून राह्यलास?"

सोमाजीनं लटारूकडं पाहिलं. लटारू तोवर भानावर आला होता आणि त्याला आपण काय केलं ते समजलं होतं. पण कंडक्टर चुकला तरी आवाज दिलेली गाडी मागं घेत नाही. त्यानं टपरीतून पुठ्ठा आणला, खडूनं त्यावर एटापल्ली लिहिलं आणि लाल गाडीच्या काचेला आतून खोचलं. मग शिरीषकडं वाकून तो हळूच म्हणाला, "साहेब, आलापल्लीपर्यंत तर तुमचा रस्ताच आहे. तिथी उतरवा. बाबाचं वय पाहा."

शिरीषनं मागं वळून मित्रांकडं पाहिलं. पोचूबाबा तोवर मकरंदच्या पिवळ्या गाडीत बसलेही होते. सोनीबाई हिरवीच्या दारापाशी थांबली होती, कारण जयदीप तिला सांगत होता की गाडीत चप्पल चालत नाही. तिनं चप्पल काढून हातात घेतली, दाराला हात लावून कपाळाला लावला आणि आत बसली. अशा शिस्तीची गाडी म्हणजे आत देव बसवला असणार, अशी तिची समजूत झाली. ढोली तिनं मांडीवर उभी धरली. लटारूनं लाल गाडीच्या मागच्या पत्र्यावर तळहातानं दोन थापा दिल्या, आणि सोमाजी निघाला.

आता मागच्या दोन गाड्यांत पॅसेंजर होते आणि पाटी सोमाजीच्या काचेला होती, म्हणजे फेरी त्याचीच. मालक नव्हे, घरचे नव्हे. सोमाजीचे कान तापले. त्यानं कुणाला काही सांगितलं नाही, फक्त ढिगांना वळसे घालताना तो आता पूर्वीपेक्षा जास्त जपत होता.

ढोली वाऱ्यात शिडासारखी भरत होती आणि हिरवी गाडी डावीकडं ओढली जात होती. जयदीप उजवीकडं स्टिअरिंग धरून लढत होता. "आजी, ती आडवी करता येईल का?"

"आडवी केली तर तुमाले दिसनार नाई," सोनीबाई म्हणाली. ते बरोबर होतं.

पिवळ्या गाडीत मकरंद आरामात होता. प्रवासाचं सगळं वेळापत्रक त्यानं आखलं होतं. संध्याकाळी पाच वाजता सिरोंचाच्या पुलावर तिन्ही गाड्यांचा सूर्यास्तात फोटो, हा त्यातला मुख्य मुद्दा. त्यानं पोचूबाबांना सांगितलं की आम्ही पुरीला समुद्र पाहायला चाललोय.

पोचूबाबांनी विचार केला. "निघाले कुठून?"

"द्वारकेहून."

"तिथी समुद्र नाई?"

"आहे."

"मग?"

मकरंदनं हॉर्न वाजवला. रस्त्यावर कुणी नव्हतं.

आष्टीला चहाला थांबले. सोमाजीनं बशी धरताना खिशातला कागद भिजू नये म्हणून काढून बाजूला ठेवला, आणि शिरीषनं तो पाहिला.

"हे काय, काका?"

सोमाजीनं सांगितलं. चार वाक्यांत सांगितलं. एकतीस जुलै, नाला, परत फिरवलेली गाडी, कोरा चौकोन. गावाचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा त्यानं "पुढचं गाव" असं म्हटलं. शिरीषनं काचेवरच्या पुठ्ठ्याकडं पाहिलं.

"मग आज नेणार होता तुम्ही आम्हाला तिकडे?"

"नाई. बायकोले शब्द दिला आहे. आलापल्लीले सोनीबाई अन् बाबा उतरतीन, मी तुमाले सिरोंचाले नेतो." तो कागद घडी करून खिशात ठेवत म्हणाला, "नाल्याले पानी होतं. आता त्याले कोन काय करनार."

शिरीषनं आपली बशी खाली ठेवली. तो कंपनीतून निवृत्त झाला त्या दिवशी त्याचा निरोपसमारंभ मोबाइलवर झाला होता. बावीस चेहऱ्यांपैकी नऊ जणांनी कॅमेरा बंद ठेवला होता आणि एक जण, आवाज बंद करायला विसरून, कुणाला तरी भाजी आणायला सांगत होता. दुसऱ्या महिन्यात शिरीषनं लाल गाडी घेतली.

आष्टीनंतर लोहखनिजाचे ट्रक सुरू झाले. ट्रकांमागं लाल धूळ अशी उठे की पुढचं काही दिसू नये. छत नसलेल्या गाड्यांत ती शांतपणे खाली बसली. तासाभरात हिरवी लाल झाली, पिवळी लाल झाली, जयदीपचं फडकं लाल झालं, आणि लाल गाडी तेवढी होती तशी राहिली. आलापल्लीच्या चौकात गाड्या थांबल्या तेव्हा सहा माणसांत पुण्याची कोणती आणि इथली कोणती हे कापडावरूनच ओळखावं लागत होतं.

"बरं," मकरंद घड्याळ पाहत म्हणाला, "आजी, बाबा, आता तुम्हाला इथून दुसरी गाडी मिळेल. आम्ही सरळ."

सोनीबाई हिरवीत बसूनच होती. "अजून आलं नाई," ती म्हणाली.

"हे आलापल्ली आहे. आम्हाला सिरोंचाला जायचंय."

"पाटी वेगळी लावली आहे."

जयदीप सोमाजीकडं आला. "काका, उतरवा ना यांना."

सोमाजी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर पाहत होता. समोर सिरोंचाचा रस्ता. डावीकडं त्यानं मुद्दाम पाहिलं नाही.

"पॅसेंजर उतरवनं ड्रायव्हरचं काम नोहे, साहेब," तो म्हणाला. "कंडक्टरचं आहे. तुमी घंटी द्या, मी सरळ जातो. मले काई म्हननं नाई."

सगळ्यांनी शिरीषकडं पाहिलं. तो घोटा उशीवर ठेवून बसला होता.

"पाचचा सूर्यास्त आहे," मकरंद म्हणाला.

"उद्याही असतो," शिरीष म्हणाला. "काका, पाटीवर काय लिहिलंय?"

सोमाजीनं तळहातानं स्टिअरिंगवरची धूळ पुसली.

"वाचा ना."

"त्या गावाचं नाव घ्यायचं नाई म्हनून शपथ आहे."

"मग मी वाचतो. एटापल्ली." शिरीषनं अंगठीनं पत्र्यावर ठोके दिले. ठण, ठण.

सोमाजीचा पाय सुटला. हात डावीकडं वळले. ते कुणी वळवले हे पुढं रुखमाबाईनं बारकाईनं विचारलं, आणि सोमाजीनं प्रामाणिकपणे सांगितलं की घंटी कंडक्टरची होती.

पुढचे अठ्ठावीस किलोमीटर सोपे नव्हते. गाड्यांची पोटं जमिनीला लागत, म्हणून प्रत्येक गतिरोधकाला पॅसेंजर उतरत, गतिरोधक पायी ओलांडत आणि पुन्हा चढत. चौथ्या खेपेला सोनीबाई म्हणाली की मी पुढं चालत राहते, तुम्ही सवडीनं या. सातव्या खेपेला ती खरोखर पुढं गेली होती आणि ढोली रस्त्याच्या कडेला एकटीच चालताना दिसत होती.

मग नाला आला. सोमाजीनं गाडी पुलावर थांबवली. खाली वाळू होती आणि वाळूतून सुतळीएवढं पाणी जात होतं. एक बगळा त्यात उभा होता आणि त्याच्या पायाची नखंसुद्धा भिजली नव्हती.

"हा?" जयदीप म्हणाला.

"हाच," सोमाजी म्हणाला. मग तो नाल्याला उद्देशून एक शब्द बोलला. शिरीषला तो कळला नाही. मागच्या गाडीत पोचूबाबा मात्र समाधानानं हसले. शिरीषनं घंटी दिली. पूल उतरताना लाल गाडीच्या पोटाखाली मोठा आवाज झाला आणि सायलेन्सर मागं रस्त्यावर पडला. मकरंदनं तो उचलून पोचूबाबांच्या मांडीवर ठेवला. पोचूबाबांनी तो तान्ह्या पोरासारखा धरला.

त्यामुळे एटापल्लीला गाडी दिसायच्या आधी ऐकू आली. लोकांना वाटलं ट्रॅक्टर उलटला. स्टँडसमोर दुकानांतून माणसं बाहेर आली तेव्हा लाल धुळीत माखलेल्या तीन गाड्या फाटकातून आत येत होत्या, आणि पहिलीत सोमाजी भोयर छाती काढून बसला होता. त्यानं फलाटाला गाडी लावली. हँडब्रेक ओढला. चावी फिरवली. सायलेन्सर नसलेलं इंजिन बंद झालं तशी एटापल्लीत मोठी शांतता पसरली.

"आलो," तो म्हणाला.

निशा चहाचं पातेलं तसंच ठेवून आली. "सोमाजीभाऊ, आता येऊन राह्यले का? मी तं जुलैत वाट पाहत होती."

"नाल्याले पानी होतं."

"नारळ होता तुमच्यासाठी. त्याची चटनी झाली ऑगस्टमंधी." ती जरा ओशाळली. तिच्या खांद्यावर एक चांगली शाल होती. सोमाजीनं शालीकडं पाहिलं, तिनंही पाहिलं. "थंडी पडली ना, भाऊ," ती म्हणाली, आणि शाल काढून त्याच्या खांद्यावर टाकली. शालीला गोड चहाचा वास येत होता.

सोमाजीनं कागद काढला. स्टँडच्या खिडकीत नवा माणूस होता. तो सोमाजीला ओळखत नव्हता. त्यानं कागद पाहिला, तारीख पाहिली, बाहेरची लाल गाडी पाहिली आणि नम्रपणे सांगितलं की यावर मला सही करता येणार नाही, आणि ती खाजगी गाडी फलाटावरून काढा. सोमाजीला राग आला नाही. तो खिडकीत असता तर त्यानंही हेच सांगितलं असतं, एवढ्या नम्रपणे मात्र नाही.

तो कागद हातात धरून गाडीपाशी आला. पाचवा चौकोन कोराच.

"द्या इकडं," पोचूबाबा म्हणाले. सायलेन्सर त्यांनी शिरीषकडं दिला, काठी सोनीबाईकडं, आणि खिशातून चष्मा काढला. मग पेन काढलं. तोवर कुणाला ठाऊक नव्हतं की पोचू मट्टामी दहा वर्षं गावचे सरपंच होते आणि कागदाला कागदासारखं वागवत. बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी आधी वरचे चारही चौकोन वाचले.

"एकतीस वर्षं तुझ्या गाडीत बसलो," ते म्हणाले. "तक्रार लिहायची वही मागितली की लटारू म्हणे, आज आणली नाई. आज कागद भेटला."

ते सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहीत गेले. सोमाजी खांद्यावरची शाल धरून उभा राहिला. लिहून झाल्यावर पोचूबाबांनी सही केली, खाली तारीख घातली आणि कागद परत दिला. सोमाजीनं वाचलं.

गाडी चार महिने, चार दिवस, दोन तास उशिरा पोचली. प्रवासी सुखरूप. बसण्याची जागा कमी. चालकाचे वर्तन ठीक.

सोमाजीनं ते दोनदा वाचलं. "ठीक?" तो म्हणाला.

"ठीक," पोचूबाबा म्हणाले. "नाल्याशी बोललास ते सोडून."

सायलेन्सर तारेनं बांधून होईपर्यंत निशानं सगळ्यांना चहा दिला. सोनीबाईनं जयदीपला सांगितलं की गाडी चांगली आहे, पण देव दिसला नाही. सोमाजीनं खाकी शर्ट काढला, झटकला, घडी केली आणि सीटमागं ठेवला. आत बनियन होतं, त्यावर त्यानं निशाची शाल घेतली. कागद आधीच शर्टाच्या खिशात गेला होता, तो तिथंच राहू दिला.

"चला साहेब," तो म्हणाला. "सिरोंचा."

शिरीषनं पत्र्यावर ठोके द्यायला हात उचलला, पण त्याआधीच गाडी हलली होती.

आलापल्लीच्या चौकात ते पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. चौकाच्या कोपऱ्यावर एक माणूस पिशवी घेऊन उभा होता. त्याला पाटी दिसली, सोमाजी दिसला, त्यानं हात दाखवला. सोमाजीनंही त्याला हात दाखवला, शाल सावरली आणि गाडी थांबवली नाही.